शेवटची गाठ आत

३ सप्टेंबर

मुंगे,

नाही, मला काही धाड भरलेली नाही, आणि डोळेही शाबूत आहेत. अक्षर वाकडं दिसतंय ते टेबलाच्या पायाखालचा पुठ्ठा सरकल्यामुळे. तू विचारलं नाहीस, पण विचारणार होतीस, म्हणून आधीच सांगून टाकते.

तुझं पत्र पोचलं. चार पानं! एवढं लिहायला वेळ मिळतो म्हणजे अभ्यासाच्या नावाने बोंब असणार. कामाचं त्यात एवढंच कळलं की खोली मिळाली, कॉलेज सुरू झालं, आणि जुनी पुस्तकं दुरुस्त कशी करायची ते पांढऱ्या कोटातल्या बाया शिकवतात. मी तेच काम तुला खळीच्या डब्यात ब्रश बुडवून फुकट शिकवलं होतं. असू दे. माझ्याकडे सर्टिफिकेट मिळत नाही.

जेवायला जातेस त्या आपल्या देशाच्या वसतिगृहात दारावर पाटी एक आणि आत मीठ-मसाल्याच्या फळ्या दोन, एक डोंगरवाल्यांची, एक सपाटीवाल्यांची, हे तू मोठा शोध लावल्यासारखं लिहिलंयस. माणूस समुद्र ओलांडून गेला तरी आपली फळी डोक्यावर घेऊनच जातो. आणि ‘तू कुठली’ विचारल्यावर ‘बाइंडिंगवाल्यांची’ म्हणालीस म्हणे. शहाणी आहेस! असल्या ठिकाणी विनोद करायचा नसतो. सरळ सांगायचं, सपाटीची. मी सपाटीची, तुझा बाप सपाटीचा, दुकान सपाटीवर. संपलं. डोंगरवाल्यांच्या फळीवरचं मीठसुद्धा घेऊ नकोस.

फोन करू नकोस. फोन कागदवाल्याच्या गल्ल्यावर आहे आणि तो बाजार कमिटीचा माणूस. मी ‘हॅलो’ म्हटलं की गिऱ्हाईक सोडून कान देतो.

आत्या


१६ सप्टेंबर

आत्या,

चार पानं झाली म्हणून रागावलीस, आता पाच होतील. बाबा गेल्यावर तू मला एकटीने वाढवलंस, आता माझी बडबडही तूच ऐकायची.

इथे आम्हाला सगळे एकाच मापाने मोजतात. मास्तरीणबाई म्हणतात, ‘तुमच्याकडचे लोक.’ आमच्यातले दोघं एकमेकांच्या फळीला हात लावत नाहीत हे त्यांच्या गावीही नाही. पण गंमत सांगू? यांचंही तसंच आहे. माझ्या घरमालकीणबाई या देशाच्या उत्तरेकडच्या. फोनवर, दुकानात, माझ्याशी एकदम इस्त्रीतलं बोलतात. रविवारी बहीण आली की दार लावून घेतात आणि आतून वेगळंच बोलणं ऐकू येतं, भरभर, खिदळत. परवा मी चुकून दार ढकललं तर बाईंनी अर्ध्या वाक्यात सूर बदलला. चेहरा असा झाला जसं मी त्यांना चोरी करताना पकडलंय.

आता खरी गोष्ट. वर्गात प्रत्येकाला सांगितलं, घरी शिकलात तशी एक वही शिवा. मी शिवली. मधल्या भोकातून सुरुवात, दोरा फिरवून परत मधे, आणि शेवटची गाठ घडीच्या आत. कॉलेजच्या तळघरात दुरुस्तीचं काम चालतं, तिथे आपल्या देशाचे एक कारागीर आहेत. सगळे त्यांना दोरेवाले म्हणतात, मी काका म्हणते. पन्नाशी-पंचावन्नचे असतील, दिसतात सत्तरचे. खोकतात फार. त्यांनी माझी वही उलटीपालटी केली आणि म्हणाले, ‘डोंगराकडची का गं तू?’

मी म्हटलं, ‘नाही हो, सपाटीची.’

‘सपाटीवाले गाठ बाहेर मारतात, पाठीवर, कापडाखाली. आतली गाठ डोंगराकडे. बोलतेस सपाटीचं, हात डोंगराकडचा आहे.’

मी हसले. तुझं पत्र खिशात होतं, ते त्यांना वाचून दाखवलं. ‘फुकट शिकवलं होतं’ इथे ते इतके हसले की खोकल्याने वाकले. परत वाच म्हणाले. दोनदा वाचलं.

आपण गाठ आत का मारतो गं?

तुझी मुंगी


२८ सप्टेंबर

मुंगे,

गाठ आत मारतो कारण आत मारतो. बाहेर मारली तर पाठीला टेंगूळ येतं. दुकानातल्या मालाला मी बाहेरच मारते, गिऱ्हाइकाला तशी लागते. तुला घरातल्या वह्यांवर शिकवलं तेव्हा घाईत राहून गेलं. यापुढे बाहेर मार. वर्गातही.

आणि माझी पत्रं काय पोथी आहे, भल्या-बुऱ्याला वाचून दाखवायला? परक्या माणसाला घरातलं सांगू नये एवढी अक्कल तुला दिली होती.

त्याचा खोकला कोरडा आहे की ओला? कोरडा असेल तर खळीच्या धुराजवळ बसू नये. मला काय, आपलं विचारलं. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला शेंडा आहे का तेही बघ. तुमच्याकडच्या कात्रणयंत्राला कठडा असतो की नाही ते कळेल.

इथे बाजारात परत याद्या चालू झाल्यात. कमिटीची माणसं दुकानादुकानात विचारतात, मूळ गाव कुठलं. कागदवाला माझ्याकडे आला तर मी विचारलं, ‘तुझ्या मागच्या रिमात दहा कागद कमी होते, ते कुठल्या गावचे?’ गेला निमूट. पण परत येईल.

थंडीचे कपडे घाल.

आत्या


१० ऑक्टोबर

आत्या,

खोकला कोरडा. आणि बोटाला शेंडा नाही! तुला कसं कळलं?

मी त्यांना विचारलं तर म्हणाले, अकराव्या वर्षी यंत्रात गेला. बहिणीने स्वतःचा पदर फाडून बांधला, आणि रक्त थांबल्यावर एक कानाखाली वाजवली. त्यांना एक मोठी बहीण होती म्हणे. आई-बाप लवकर गेले, तिनेच दोन भावांना घेऊन डोंगरातून खाली येऊन दुकान टाकलं. दोऱ्याला जीभ लावून सुईत ओवला की पट्टी मारायची.

आत्या, तूही मारतेस.

मी तुझं दुसरं पत्रही वाचलं त्यांना. तू नको म्हणालीस तेवढा भाग गाळून. रिमातल्या कागदांवर ते हसले नाहीत. म्हणाले, ‘अजून तशीच आहे.’ मी विचारलं, कोण? तर म्हणाले, बाजार कमिटी.

बाबा सांगायचे की तुम्ही तीन भावंडं, धाकटा तापात गेला. तो कधी गेला? कुठे? मी सरळ विचारते, तू सरळ सांग. हे कोण आहेत?

मुंगी


२२ ऑक्टोबर

मुंगे,

धाकटा तापात गेला. किती वेळा सांगायचं?

बोटं सगळ्याच बाइंडरांची तुटतात. पट्टीने सगळेच मारतात. परदेशात एकटं पडलेलं माणूस कुणाच्याही पत्रात आपली बहीण शोधतं, त्याला मी काय करू?

त्याला वाचूनच दाखवायचं असेल तर एवढंच वाच: असा माझा कोणी नाही. दुकानात कामाला माणसं येतात, जातात. कुठला कोण, मी विचारत नाही.

त्याच्या डोक्यातलं खूळ जाईल आणि तुझ्याही. अभ्यास कर.

आत्या


५ नोव्हेंबर

आत्या,

वाचून दाखवलं. तू सांगितलंस तसं, शब्द न शब्द. ते घड्या दाबत होते. हात थांबला. म्हणाले, ‘हो. असंच म्हणाली होती.’

मग खुर्चीवर बसले आणि मला सगळं सांगितलं. तक्रार म्हणून नाही, एखादं काम कसं झालं ते सांगावं तसं. सपाटीच्या बाजारातून डोंगरवाल्यांना हाकललं त्या वर्षी ते एकोणीस वर्षांचे होते. तू आणि बाबांनी बोलणं बदललं होतं, ह्यांना ते जमेना, किंवा करायचं नव्हतं. कमिटीचे चौघे दुकानात आले. ह्यांना विचारलं, रजिस्टर केवढ्याला? ह्यांनी उत्तर दिलं आणि एवढ्यावरच ते ओळखले गेले. मग त्यांनी तुला विचारलं, हा तुझा कोण? तू शिवत होतीस. मान वर न करता म्हणालीस, ‘कामाला आहे. कुठला कोण, मी विचारलं नाही.’ त्यांना रस्त्यावर नेलं आणि चालायला लावलं. ते बंदरापर्यंत चालत गेले. दोन पत्रं पाठवली होती म्हणे. उत्तर आलं नाही.

तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच तुला ओळखलं होतं. मला सांगितलं नाही, कारण तू आपणहून म्हणशील असं वाटत होतं.

चार दिवसांनी ते तळघरात कोसळले. फुप्फुसं गेलीत. डॉक्टरांनी महिनाही सांगितला नाही. सार्वजनिक वॉर्डात तीस खाटा आहेत. परक्या माणसाला दिवसातून एक तास बसू देतात. नातेवाइकाला कितीही वेळ. पुढचं झालं की ताबाही फक्त नातेवाइकालाच, नाहीतर नगरपालिका पुरते. मी पुतणी म्हटलं. कागद मागितला.

सोबत फॉर्म आहे. तुझं नाव, त्यांचं नाव, नातं, दोघांचं जन्मगाव, आणि तिथल्या वॉर्ड ऑफिसचा शिक्का. सही शाईची लागते, कॉपी चालत नाही.

आत्या, आता तरी फाटे फोडू नकोस. पाठव.

मुंगी


१८ नोव्हेंबर

मुंगे,

परवा फोन केलास. मी ‘पुठ्ठा मिळाला, माल बरा आहे’ म्हणून ठेवून दिला, त्याचा राग धरला असशील. कागदवाला हातभर अंतरावर पेन्सिलीला टोक करत उभा होता. तू तिकडून रडत होतीस आणि मी इकडून पुठ्ठ्याची जाडी सांगत होते. बरी दिसते का ही गोष्ट या वयात?

तू एक बाजू ऐकलीस. दुसरी ऐक. तुझा बाप त्या वेळी वर माळ्यावर होता, पुठ्ठ्यांच्या थप्पीमागे. बावीस वर्षांचा. त्याचीही जीभ अजून पक्की बसली नव्हती. मी ‘भाऊ’ म्हटलं असतं तर मग त्यांनी विचारलं असतं, आणखी किती भाऊ? दोघे गेले असते. मग तू कुठून आली असतीस? हे मी माझ्या मनाला छत्तीस वर्षं सांगतेय. मन ऐकून घेतं. पटत नाही त्याला.

धाकट्याला मी शंभरदा सांगितलं होतं, गिऱ्हाइकासमोर तोंड उघडू नकोस. तो म्हणायचा, ‘अक्का, रजिस्टर विकायचं की मुक्याचा खेळ करायचा?’

मी शिवणं थांबवलं नाही हे खरं. ते रजिस्टर नंतर उसवलं. सगळे टाके तिरके होते.

पत्रं दोन नव्हती, तीन होती. चुलीत घातली. तिसरं घालायच्या आधी वाचलं.

बोलणं बदललं, नेसणं बदललं, हसणंसुद्धा बदललं. गाठ मात्र घरात आतच मारत राहिले आणि तुलाही तीच शिकवली. हाताला कोण सांगणार?

फॉर्म समोर आहे. त्यात ते गाव लिहायचं म्हणजे भर बाजारात ओरडून सांगायचं. वॉर्ड ऑफिसातला कारकून कमिटीच्या बैठकीला बसतो. परवाच कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दारावर खडूने फुली मारून गेले. माझ्याकडे कागद कापायला कात्रीवर बसणारी बाई दोन पोरांची आई आहे, दुकान बंद पडलं तर ती कुठे जाईल?

मला दोन दिवस दे.

आत्या


३० नोव्हेंबर

आत्या,

कागद आला नाही.

रोज चार ते पाच मला आत सोडतात. पाच वाजता नर्स घंटा वाजवते आणि मी उठते. काल त्यांनी माझी बाही धरून ठेवली, नर्सने बोटं सोडवली. ती वाईट नाही. नियम आहे म्हणाली.

पत्र आलंय का विचारतात. मी जुनीच वाचते, तुझं हे ‘दोन दिवस दे’ त्यांना कसं वाचू? आज मीठ न घेण्याचं वाचलं, तर म्हणाले, ‘तिला सांग, डोंगरवाल्यांच्या मिठावरच मोठी झालीस.’ आणि डोळे मिटून घेतले.

दोन दिवस कधीच होऊन गेले.

मुंगी


१ डिसेंबर

मुंगे,

झालं. शिक्का मारून आणला.

खिडकीशी रांग होती. कारकुनाने फॉर्म वाचला आणि मुद्दाम मोठ्याने विचारलं, ‘जन्मगाव?’ मी त्याच्याहून मोठ्याने सांगितलं. रांगेतले दोघं मागे सरकले. ‘नातं?’ म्हटलं, ‘सख्खा भाऊ. धाकटा.’

तो खिडकीतून वाकून हळूच म्हणाला, ‘आत्याबाई, शिक्का बसला की निघत नाही. घरी जाऊन विचार करा.’

मी म्हटलं, ‘तुझ्या जन्माआधीपासून विचार करतेय. तू शिक्का मार. आणि सरळ मार, तुझ्या पोरीच्या वह्या मी सरळ शिवते.’

मारला. वाकडाच मारला.

परत येताना त्या गावचं नाव तोंडात घोळत होतं. इतक्या वर्षांत मोठ्याने म्हटलं नव्हतं. पाठीमागून कुणीतरी डोंगरवाल्यांची नक्कल करून हाक मारली. मी वळले नाही. आमच्या घरातलं बोलणं असंच होतं, नक्कल असली म्हणून काय झालं.

फॉर्म रजिस्टर टपालाने टाकलाय. सोबत एक बंद पाकीट आहे, त्याच्या नावाचं. तू उघडू नकोस. त्याच्याने वाचवत नसेल तर त्याच्या हातात दे आणि तो म्हणेल तसं कर. त्याला सांग, दुकान आवरून मी स्वतः निघते, पासपोर्टाला किती दिवस लागतात ते विचारून ठेवलंय. तोवर उद्योग करू नकोस म्हणावं, पडून राहा.

आत्या


१३ डिसेंबर

आत्या,

तुझा फॉर्म आज सकाळी आला. काका दोन तारखेला गेले. सकाळी, दहाच्या सुमाराला. मला चारला आत सोडलं तेव्हा खाटेवर दुसरा माणूस होता.

फोन केला नाही. कागदवाल्याच्या गल्ल्यावर हे ऐकायला लावायचं नव्हतं तुला. तार लिहिली होती, त्यात नातं कुठलं घालायचं ते ठरेना, फाडून टाकली.

ताबा दिला नाही. पाच तारखेला नगरपालिकेने पुरलं. मी वसतिगृहात गेले होते, चार खांदे मागायला. सपाटीवाल्यांनी विचारलं, कुठले होते? मी म्हटलं, डोंगराकडचे. ते म्हणाले, मग त्यांना सांग. डोंगरवाले म्हणाले, आमच्यात कधी आले नाहीत, आणि बहीण सपाटीची असेल तर ते आमचे कसे? मी तिथे मधे उभी होते, दोन फळ्यांच्या मधे.

घरमालकीणबाई आल्या, त्यांची बहीण आली, तळघरातले दोघं आले. खड्ड्यावरच्या पत्र्याच्या पाटीवर आपल्या देशाचं नाव आहे, नंबर आहे. प्रांताच्या जागी रेघ आहे. मी विचारलं तर कामगार म्हणाला, कागद नव्हता.

नर्सने त्यांच्या उशीखालचं मला दिलं. तुझी पत्रं होती. मी वाचायला नेलेली सगळी माझ्याकडून मागून घेतली होती, ती त्यांनी शिवलीत. दवाखान्यात सुई कुठून मिळवली देव जाणे. ‘असा माझा कोणी नाही’ तेही आहे, गाळलेलं नाही. शेवटी चार कोरी पानं जोडलीत. गाठ आत.

पाकीट माझ्याकडे आहे. त्याचं काय करू? उघडून त्या कोऱ्या पानांच्या जागी शिवू का? त्यांच्या खड्ड्यापाशी जाऊन वाचू? आत्या, तू त्यात काय लिहिलं होतंस? मला कळायला हवं. कुणाला तरी कळायला हवं.

मुंगी


२६ डिसेंबर

मुंगे,

पत्र मिळालं. दुकानात उभ्यानेच वाचलं.

शिक्का मारून आणला त्याच आठवड्यात सरकारी रजिस्टरांचं काम दुसरीकडे गेलं. शाळांच्या वह्याही. दारावर फुली आहे. मी पुसली नाही, कशाला पुसायची, खरी आहे. कात्रीवाली बाई आठ दिवस आली, मग म्हणाली, ‘माझी पोरं आहेत हो.’ मीच तिला जायला सांगितलं. पुस्तकं दाबायचा शिकंजा विकायला काढलाय. घेणारा कागदवालाच आहे. वजनावर मागतो.

महिनाभर आधी लिहिलं असतं तर दुकान असंच गेलं असतं. पंधरा दिवस आधी लिहिलं असतं तरी असंच गेलं असतं. जायचं ते गेलंच, आणि ज्यासाठी घालवलं तोही हाती लागला नाही. हिशोबात मी कच्चीच होते.

तू परत येऊ नकोस. इथे तुझं काही राहिलेलं नाही. तिथेही फळ्या आहेत म्हणतेस. असतील. उभी राहा मधेच, बसायला कुणी सांगितलंय? सर्टिफिकेट घे. गाठ आत मार. विचारलं कुणी तर गावाचं नाव सांग, फॉर्मवर लिहिलंय.

पासपोर्टाचा अर्ज फाडला. खड्डा बघायला एवढं लांब कोण येणार?

शिवलेली पत्रं तुझ्याकडे ठेव. कोरी पानं कोरीच राहू देत, त्यानेच तशी ठेवलीत. पाकीट उघडायचं नाही. शिवायचं नाही, वाचायचं नाही, कुठे जाऊन मोठ्याने तर मुळीच नाही. ते त्याचं आहे.

त्यात काय लिहिलं ते तू विचारलंस. सांगणार नाही. पुढच्या पत्रात विचारलंस तरी नाही. आता मला काही बोलायचं नाही.

आत्या